नाना सुभेदारांच्या खोलीचं तोंड

नाना सुभेदार आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा बसले नाहीत. दारातच उभे राहिले, चारी भिंतींवरून नजर फिरवली आणि मला म्हणाले, "गुरुजी, ह्या खोलीचं तोंड कुठाय?"

मी शाळामास्तर. प्रश्न विचारायची सवय मला, उत्तर द्यायची नाही.

"न्हाई, म्हंजे बगा," नाना म्हणाले, "मानूस आत आलं की त्येनं बगायचं कुनाकडं? हिकडं क्यालेंडर, तिकडं घड्याळ, मधी देव, वर सासूबाईंचा फोटो. चार भिंती चार जनींगत बोलत्यात. खोलीला तोंड एकच पायजे."

मग त्यांनी स्वतःच खुर्चीवर चढून कॅलेंडर उतरवलं, घड्याळ हलवलं, आणि माझ्या सासूबाईंना काढून शिंकाळ्याशेजारी नेऊन लावलं. आमची ही चहा घेऊन बाहेर आली, तिनं आईची नवी जागा पाहिली, आणि चहा घेऊन परत आत गेली. तो चहा मला संध्याकाळपर्यंत मिळाला नाही.

नाना खरं म्हणजे नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यातलं 'नायब' गावानं पहिल्या आठवड्यातच खाऊन टाकलं. आमच्या भागात घरटी एक माणूस पलटणीत, तेव्हा सुभेदाराचं कौतुक कुणाला नव्हतं. पण बाकीचे लोक येताना ट्रंक, ब्लँकेट आणि लढाईच्या गोष्टी घेऊन आले. नाना आले ते डोक्यात एक शेगडी घेऊन. त्यांची बरीचशी नोकरी कुठल्याशा थंड डोंगरावर साहेब लोकांच्या मेसमध्ये गेली होती, आणि तिथं बैठकीच्या भिंतीत शेगडी होती. ते तिला फायरप्लेस म्हणत, आणि म्हणताना किंचित सावधान होत.

तशीच शेगडी त्यांनी आपल्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, बांधायला काढली. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. आमच्याकडे चैत्रात कावळासुद्धा सावली सोडून उडत नाही, आणि हे गृहस्थ घर तापवायची सोय करत होते. शिदू गवंड्यानं आयुष्यात चुली घातल्या होत्या, गुऱ्हाळाची भट्टी बांधली होती, पण असलं प्रकरण पाहिलं नव्हतं. नानांनी त्याला कोळशानं जमिनीवर चित्र काढून दिलं. भिंतीतून हातभर पुढं आलेला विटांचा चौकोन, आढ्यापर्यंत चढत गेलेला, खाली शेगडीचं भोक, भोकावर सागवानी फळी.

"भिंतीनं छाती म्होरं काडून हुबं ऱ्हायलं पायजे," नानांनी शिदूला सांगितलं. "बाकीच्या तीन भिंती विश्राममधी. ही एकच सावधान."

शिदूनं भिंत सावधान केली. गाव तिला 'सुभेदाराचं धुराडं' म्हणू लागलं. साखर कारखान्याला धुराडं असतं, सुभेदारानं गाळप कधी सुरू करायचं ठरवलंय, असं पारावर रोज कुणी ना कुणी विचारायचं. नानांना त्याचं काही नव्हतं. ते फळी मांडण्यात गुंतले होते.

त्या फळीवर काय ठेवायचं आणि कसं, याचा नियम ठरलेला. "मधी एक उंच, दोन बाजूला दोन बुटकं. आन् ड्रेसिंग सरळ." ड्रेसिंग म्हणजे परेडमधली रांग. तोफेच्या गोळ्याची दोन रिकामी पितळी कवचं त्यांच्याकडे होती, ती चिंच लावून घासून दोन टोकांना उभी केली. वरच्या विटांवर लावायला सांगलीहून नक्षीच्या चौकटीचा आरसा आणला. एसटीत तो मांडीवर उभा धरून आणताना साऱ्या प्रवाशांनी त्यात भांग पाडून घेतला. मिरजेला सतारी करणाऱ्यांच्या आळीतून तंबोऱ्याचा एक भोपळा मिळवला, त्याला पॉलिश दिलं, तो डावीकडे ठेवला. मग उजवीकडे तेवढाच भोपळा पाहिजे म्हणून पुन्हा मिरज. पण देवानं सारखे दोन भोपळे केलेलेच नाहीत. एक थोडा डावीकडे कलायचा, दुसरा पोटाला जास्त. नाना कपाळावर हात लावून म्हणायचे, "भरतीलाच नापास करायला पायजे हुतं."

दर आठ-पंधरा दिवसांनी मांडणी बदलायची. कवचं आत, भोपळे बाहेर. आरसा खाली, घड्याळ वर. एकदा मधल्या जागी ऊस उभा केला. मी म्हटलं, नाना, हे काय? तर म्हणाले, "लोकल कलर." हा शब्द बहुधा मेसमधला असावा.

शेगडीसमोर दोन वेताच्या खुर्च्या होत्या, एकमेकींकडे किंचित तोंड केलेल्या. डावीकडच्या खुर्चीत नाना बसत. उजवीकडच्या खुर्चीत कोणीही बसायचं नाही. एकदा खुद्द सरपंच बसायला गेले तर नानांनी त्यांना हाताला धरून उठवलं आणि घोंगडीवर बसवलं. सरपंचांनी पुढं बरेच दिवस नानांच्या बांधावरच्या रस्त्याला मुरूम टाकला नाही.

मी एकदा विचारलंच. नाना आवाज उतरवून म्हणाले, "ती आमच्या कारभारनीची हाय."

"काकींची? त्या तर कधी बसलेल्या दिसल्या नाहीत."

"तीच तर गोम हाय." नानांनी आतल्या दाराकडे पाहून खुर्ची माझ्याजवळ ओढली. "गुरुजी, सारी नोकरी झाली, वर्साला दोन म्हैनं सुट्टी. घरात आई, आप्पा, थोरला भाऊ, भावजय. त्यांच्याम्होरं बायकूसंगं बोलायची टाप हाय का? पानी पायजे आसलं तर पुतन्याला सांगायचं. पुतन्या आईला सांगनार, आई तिला सांगनार. पानी यीस्तवर तान मरून जायाची. सुट्टी सपली की ती दाराआडनं बगनार, मी वळकटी उचलनार."

"अहो, पण आता..."

"आता आई-आप्पा गेलं. भाऊ वाटनी घिऊन वायला झाला. पोरगं पलटनीत, सून त्येच्यासंगं. घरात आमी दोगंच. तरी ही तिकडं चुलीम्होरं, मी हिकडं सोप्यात. आजून कुनाला लाजायचं?" ते फळीवरची धूळ बोटानं पुसत म्हणाले, "मेसमधी थंडीच्या दिसांत सायेब आन् मेमसाब आसं बसायचं. एक ह्या अंगाला, एक त्या अंगाला. लय बोलायचंच आसं न्हाई. नुस्तं बसायचं. मी आपला ट्रे घिऊन हुबा. तवाच मनात धरलं, घरला गेलो की आपुन बी आसं बसायचं."

त्या दिवशी घरी जाताना मला दर पंधरवड्याची ती उलथापालथ उमगली. नवी मांडणी झाली की नाना आत आवाज टाकत, "आगं, बगून तरी जा." काकी पदराला हात पुसत माजघराच्या उंबऱ्यापर्यंत येत, तिथूनच मान वाकडी करून बघत, "बरं दिसतंय," म्हणत, आणि परत जात. तेवढ्यासाठी भोपळे मिरजेहून येत होते.

काकींचं वाकडं काहीच नव्हतं. नवऱ्यावर त्यांचा जीव होता, आणि तो सगळा भाकरीबरोबर ताटात घालून सोप्यात पाठवायच्या. पण सोपा पुरुषांचा, हे डोक्यात इतकं बसलेलं की सासू-सासरे जाऊनही उंबरा काही ओलांडवेना. आमच्या हिनं एकदा विषय काढला तर म्हणाल्या, "खुर्चीत बसून मी काय पंचायत चालवू व्हय? बाईमानूस सोप्यात बसलं की लोक म्हनत्याल, हिच्या घरात चूल पेटत न्हाई."

मग नानांनी ठरवलं की शेगडी पेटवायचीच. आग दिसली की माणूस आपोआप जवळ येतं, हे त्यांचं म्हणणं. मार्गशीर्षात आमच्याकडेही सकाळी दात वाजतात. एका रविवारी सकाळी नानांनी मला, सरपंचांना आणि शिदू गवंड्याला बोलावलं, बाभळीची लाकडं रांगेत रचली, उजवीकडची खुर्ची झटकली, आत आवाज टाकला, "आगं, ये बस," आणि काडी लावली.

पहिला धूर आला तेव्हा नाना म्हणाले, सुरुवातीला थोडा येतोच. दुसऱ्या धुरात सरपंच दिसेनासे झाले. तिसऱ्यात मला मीच दिसेना. गावातले लोक आग लागली म्हणून घागरी घेऊन धावत आले. सर्वांत आधी पोहोचल्या त्या काकी. कासोटा खोचलेला, हातात बादली. त्यांनी शेगडीवर पाणी ओतलं, उरलेलं अंदाजानं सरपंचांच्या धोतरावर गेलं, आणि त्या आल्या तशा आत गेल्या.

धूर निवळल्यावर शिदूला धरलं. त्यानं छपरावरचं धुराड्याचं तोंड शहाबादी फरशी घालून पक्कं बंद केलं होतं. "पावसाचं पानी आत येतंय म्हनून घातली," तो म्हणाला. "वर भोक ठेव म्हनून सुभेदारांनी कवा सांगितलं?" ते खरं होतं. नानांनी चित्र फक्त समोरून काढलं होतं, कारण मेसमध्ये त्यांनी शेगडी फक्त समोरूनच पाहिली होती. धूर कुठून जातो, ते बघायला कुणी दुसरा होता.

"सोप्यात आली खरी," नाना त्या दिवशी मला म्हणाले. "पर बादली घिऊन."

काकींनी हुकूम सोडला, घरात एक चूल आहे तेवढी बास. फरशी निघाली, तरी शेगडी पुन्हा पेटली नाही. नानांनी त्या भोकात थोडा पेंढा पसरून त्यावर कागदी फुलांची कुंडी ठेवली. फळीवरची मांडणी बदलायचंही त्यांनी सोडलं. पितळ काळवंडायला लागलं. एवढा हसता-बोलता माणूस, पण पारावर यायचा आणि धुराड्याची थट्टा झाली तरी हसायचा नाही. मला ते फार लागलं.

आणि संक्रांतीच्या सुमाराला काकींची तांबडी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंड्यांवर बसायला आली. खुडूक कोंबडी जागा स्वतः निवडते. तिला परड्यातलं डालगं दाखवलं, माळ्यावरची टोपली दाखवली. ती दोन्हीकडून उठली, चालत सोप्यात आली, कागदी फुलांची कुंडी लवंडली आणि शेगडीतल्या पेंढ्यावर ठाण मांडून बसली.

नानांनी तिला उचलायला हात घातला तर आतून आवाज आला, "आवं, हात लावू नका. तिनं जागा धरलीया." पाठोपाठ काकी अंडी पदरात घेऊन उंबरा ओलांडून आल्या, शेगडीसमोर उकिडव्या बसल्या आणि एकेक अंडं कोंबडीच्या पोटाखाली सरकवलं.

त्या दिवसापासून काकींना सोप्यात काम लागलं. सकाळी मूठभर कण्या, दुपारी पाण्याची वाटी, संध्याकाळी तिला उठवून जरा फिरवून आणायचं. नाना आपले खुर्चीत श्वास धरून. मी एकदा गेलो तर काकी कोंबडीशी बोलत होत्या, "तुला तरी कवा आयतं खायला मिळायचं?" आणि उत्तर कोंबडीऐवजी नाना देत होते. मला बघून काकी उठल्या नाहीत. नानांनी मला डोळ्यानंच गप्प केलं. खोलीला आता तोंड मिळालं होतं, सारं घर तिकडंच बघत होतं. फळीवर कण्या सांडलेल्या, भोपळ्याला पीस चिकटलेलं. ड्रेसिंगचा पत्ता नव्हता.

पिल्लं निघाली. दोन-तीन दिवस सोप्यात चिवचिवाट झाला, मग काकींनी कोंबडीसकट सगळ्यांना परड्यात हलवलं. शेगडी झाडून, सारवून दिली, आणि काकी आत गेल्या.

त्याच संध्याकाळी नाना आमच्याकडे आले. आल्या आल्या भिंतींकडे बघायचा माणूस, मान खाली घालून बसला. आमच्या हिनं चहा दिला तो घेतला. बराच वेळ पिकापाण्याच्या गप्पा काढल्या, आणि उठता उठता दारात वळून अगदी सहज म्हणाले, "गुरुजी, तुमच्याकडं येखादी खुडूक कोंबडी हाय का?"

आमच्याकडे होती. मी हिनं दिलेली कोंबडी काखेत मारून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला निघालो. नानांच्या दारात आलो आणि पाय थबकला.

काकी सोप्यात होत्या. रिकाम्या शेगडीसमोर खाली बसून, सुपात तूरडाळ घेऊन खडे निवडत होत्या. समोर जमिनीवर मांडी घालून नाना, नाकावर चष्मा, त्यांच्याही पुढ्यात मूठभर डाळ. कोणी काही बोलत नव्हतं.

मला पाहून काकी म्हणाल्या, "या, गुरुजी. आत उजेड न्हाई, म्हनून म्हटलं हितं बसावं."

काकींच्या स्वयंपाकघराला पूर्वेची मोठी खिडकी आहे, आणि सकाळच्या त्या वेळेला तिथं डोळे दिपतात. मी म्हटलं, "बरोबर आहे."

नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग काखेतल्या कोंबडीकडे पाहिलं. चेहरा पलटणीतला, एक रेष हलली नाही. "काय गुरुजी," ते म्हणाले, "सकाळच्या पारी कोंबडी घिऊन कुठं निघाला?"

"बाजाराला," मी म्हटलं, आणि निघालो. ती दोघं दारातून बघत असतील म्हणून घराकडे न वळता कोंबडी सांभाळत पार वेशीपर्यंत चालत गेलो. मला इतका आनंद झाला होता की ती मनगटाला चोची मारत होती तेही कळत नव्हतं. बाजार आमच्याकडे सोमवारी भरतो. तो दिवस शुक्रवार होता, पण त्या दोघांपैकी कुणाच्याही ते ध्यानात आलं नाही.