राजकन्येचा डावा हात

तातेराव गुरुजींचं नाव पहिल्यांदाच छापून येणार होतं. वडीगोद्रीच्या तंबूत लागलेल्या रंगीत चित्रपटाचं परीक्षण जालन्याच्या एका साप्ताहिकानं त्यांच्याकडे मागितलं होतं, गुणदोषांसकट. चित्रपटात नटनट्या नव्हत्या, हातानं काढलेली चित्रंच हलत-बोलत होती. एक राजकन्या उडत्या माशावर बसून हरवलेला चंद्र शोधत फिरते, अशी गोष्ट.

गुरुजी पोचले तेव्हा पुरुषांची बाजू भरली होती. तंबूत चित्रपटाचा पडदाच मधोमध असायचा. अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. तंबूवाल्या भुजंगानं मान म्हणून त्यांना बायकांच्या बाजूला, कडेला खुर्ची टाकून दिली. गुरुजींना घाम फुटला. इकडेतिकडे बघायची सोयच नव्हती, म्हणून त्यांनी सगळा चित्रपट पापणी न लववता पाहिला.

सात कागद फाडून आठवा त्यांनी पाठवला. गुण: ढगांना हात लावावासा वाटतो. मासा थकून झाडावर बसतो आणि जांभई देतो, तेव्हा कडेवरची पोरंही जांभया देतात. दोष: गाणी लांबतात, राक्षस फार लवकर शहाणा होतो, आणि राजकन्या तलवार डाव्या हातानं का चालवते, याचा उलगडा शेवटपर्यंत होत नाही.

शनिवारी अंक आला. तो घेऊन सर्जेराव पाटील थेट शाळेत.

"गुरुजी, डावखुरी कुठून काढली? आम्ही साठ माणसं बसल्तो. तलवार बराबर उजव्या हातात व्हती!"

"असेल... माझीच नजर चुकली असेल."

"मंग माफी छापा."

गुरुजी घरी माफी लिहायला बसले, तोच दारात सर्जेरावांच्या मंडळी दुर्गाबाई, मागे पंधरा बायका.

"बिलकुल माफी मागायची न्हाई, गुरुजी! आम्ही डोळ्यांनी बघितलंय, डावखुरीच हाय ती. आमचे मालक म्हणून राह्यलेत, बायकांच्या बाजूनं काय दिसतंय!"

सर्जेरावांना दोन दिवस बिनमिठाचं वरण मिळालं. इतर घरांतही तेच. शेवटी भुजंग वैतागला. "पुन्हा खेळ लावतो. या टायमाला बाजू बदलून बसा, म्हणजे मिटलं."

गुरुजींना दोन्हीकडून बोलावणी आली. कुणाला नाही म्हणायचं ते न कळून ते पडद्याच्या कडेला, बांबूपाशी बसले.

खेळ सुटला. सर्जेरावांनी हात जोडले. "चुकलं आमचं, गुरुजी. डावखुरीच हाय. माफी बिलकुल छापू नका."

"कशाची डावखुरी?" दुर्गाबाई कडाडल्या. "चांगली उजव्या हातानं चालवती! गुरुजी, तुम्ही माफी छापाच!"

पडद्याच्या मागून पाहिलं की उजवं डावं होतं, हे गुरुजींच्या एव्हाना ध्यानात आलं होतं. सांगावं म्हणून त्यांनी दोनदा बोट वर केलं. पण एकमेकांची जुनी वाक्यं एकमेकांवर फेकत गाव वेशीपर्यंत पोचलंसुद्धा.

मागे प्रभावती तेवढी राहिली, त्यांची बायको. "आवं, तुम्ही कडेला बसल्ता. तुम्हाला काय दिसलं?"

"पडदा दिसलाच न्हाई. नुसती उजेडाची रेघ." गुरुजी घुटमळले. "पण तू समोर व्हतीस. आधी निळी झाल्तीस, मंग केशरी. मासा उडाला तवा तोंड उघडं ठेवून हसलीस. एकवीस वर्षांत तुला असं बघितलंच नव्हतं."

प्रभावतीनं पदर सावरला. "हे पेपरात लिहू नका हां."

चार पावलं गेल्यावर ती थांबली. "आन् लिहिलंच, तर उघडं तोंड तेवढं गाळा."