तीन गावांत वाटलेला तातू

तातू धुरी हॉटेलात चहासुद्धा गाऱ्हाणं घालून मागतो. आमच्याकडे देवळात कुठलंही काम काढताना एक जाणता माणूस हात जोडून देवापुढे मोठ्यानं मागणं मांडतो, ते गाऱ्हाणं. जमलेले लोक प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. आमच्या गावात हा मान तातूचा. देवळात त्यानं तोंड उघडलं की खाडीपलीकडच्या माडांवरचे कावळे उडतात. पण गडी देवळापुरता थांबत नाही.

“बा देवा म्हाराजा, ह्या हॉटेलवाल्याक बुद्धी दी, आणि आजच्या चायत जरा दूध पडां दे!”

सगळी टेबलं म्हणतात, “व्हय म्हाराजा!” हॉटेलवाला शिव्या देतो आणि दूध घालतो.

मी इथल्या हायस्कुलात शिकवतो आणि तातूचा शेजारी आहे. मधे फक्त एक दगडी गडगा, कमरेएवढी रचीव भिंत. त्याच्यावर लिहायचा मला कितपत अधिकार आहे, कोण जाणे. या प्रकरणात गाव त्याला हसलं तेव्हा मीही हसलो, आणि चांगला पुढे बसून हसलो. लिहू का म्हणून विचारायला गेलो तेव्हा मान वर करवत नव्हती. तातू म्हणाला, “लिही मास्तर. माजा नाव घाल. खंय तरी दुसरो तातू आसतलोच.”

तातू पन्नाशी ओलांडलेला. आंब्याची कलमं, थोडा काजू, मुलगी लग्न होऊन पुण्याला. बायको सुलभा कित्येक वर्षं मस्कतला एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करायला. घर त्या पैशावर उभं राहिलं, मुलीचं लग्न झालं. सुलभा दोन-तीन वर्षांनी महिनाभर यायची आणि परत जायची. दर रविवारी तातू तिच्याशी व्हिडिओ फोनवर बोलतो तेव्हा आमच्या घरात टीव्ही बंद करावा लागतो, कारण ऐकू येत नाही.

गेल्या वर्षी सुलभानं सांगितलं, म्हातारीचा मुलगा तिला आपल्याकडे नेतोय, आता मी कायमची येते. ती बातमी तातूनं गडग्यावरून मला सांगितली, पण गाऱ्हाण्याच्या आवाजात नाही.

“कायमची येतंय म्हणता. बगूया.”

त्यानंतर तातू टोपी घालायला लागला (त्यावरून हॉटेलात गाव हसलं, पुढच्या टेबलावरून मीही), आणि रविवारी फोन असा धरायला लागला की पलीकडे फक्त त्याची हनुवटी दिसावी. मग एके दिवशी म्हणाला, “मास्तर, माका सावंतवाडीक घेवन चल. लाकडाची खेळणी होयी आसत.”

“कोणाला रे?”

“आसतत पोरां खंयची तरी.”

मोटारसायकलवरून घेऊन गेलो. तळ्याच्या काठावर मी तासभर वाट पाहिली. तातू आला तो एका हातात लाकडाचं वांगं आणि दुसऱ्या हातात औषधाची पिशवी घेऊन. केसांच्या डॉक्टरनं दोन गोळ्या दिल्या होत्या. छातीसाठी, रक्तदाबासाठी आणखी काही घेता का, असं त्या डॉक्टरनं विचारलं होतं. तातूनं ‘माका काय धाड भरली हा?’ असं उलट विचारून त्यालाच गप्प केलं होतं.

खरं तर धाड भरलेली होती. कुणकेश्वरच्या यात्रेत त्याच्या छातीत दुखलं होतं, आणि कणकवलीच्या डॉक्टरनं त्याला जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची बाटली दिली होती. दुखलं तर बसून एक ठेवायची. ती बाटली सदऱ्याच्या खिशात असायची.

“अरे, पण मालवणात औषधाची दुकानं नाहीत?” मी परतीच्या वाटेवर विचारलं.

“मालवणात घेतलंय तर सांजेक माज्या टकलाची आरती होतली!” मागून तातू ओरडला. “मास्तर, ध्यानात ठेव. एकेका गावाक आपलो एकेक अवयव ठाव आसां दे. पुरो तातू कोणाक गावता नये!”

मी इतका हसलो की गाडी थांबवावी लागली.

पुढचे काही महिने तो दर रविवारी गडग्यापाशी येऊन टोपी काढायचा आणि मान खाली घालायचा. “खरां सांग, भात रुजला काय?” मी चष्मा लावून त्या शेताची पाहणी करायचो. थोडी लव दिसायची, किंवा त्याच्यासाठी मला दिसायची. “रुजतंय,” म्हणायचो, आणि दिवसभर खोटं बोलल्यासारखं वाटत राहायचं.

मग तो एकदा एकटाच एसटीनं फोंडाघाटला जाऊन आला. काजूचा भाव बघायला, म्हणाला. काजू निघायला अजून अवकाश होता. त्याचा चेहरा पाहून मला कळलं, हे केसांचं नाही. कळलं आणि मी पावसापाण्याच्या गोष्टी काढल्या. आम्ही पुरुष या बाबतीत फार सभ्य असतो. मित्राचा जीव गेला तरी चालेल, विषय निघता कामा नये.

सुलभा यायला आठवडा उरला होता. वाडीतल्या सद्यानं नवी रिक्षा घेतली आणि सकाळी देवळासमोर उभी केली. आम्ही सगळे जमलो. तातूनं हात जोडले.

“बा देवा म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा!”

“आज ह्या लेकरान... ही रिक्षा...” आणि तातू हळूच खाली बसला, मग आडवाच झाला. लोकांना वाटलं नमस्कार घालतोय. तेवढ्याच जोरात सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा!”

तो उठेना तेव्हा धावपळ झाली. नव्या रिक्षातून पहिलं भाडं म्हणून तातूच गेला, देवळापासून डॉक्टर लोबोंच्या दवाखान्यात. या लोबोबाई मालवणच्याच. तातू शुद्धीवर होता, पण चेहरा चुन्यासारखा, आणि छातीवर हात. सद्यानं त्याच्या खिशातली बाटली शोधून गोळी हातावर काढली. मीही म्हणत होतो, घाल लवकर, घाल.

डॉक्टर लोबोंनी सद्याचा हात धरला. “थांब रे! तातूभाऊ, ही गोळी द्यायच्या आधी मला एक सांगा. काल-परवापासून दुसरं काय घेतलंत?”

“काय नाय.”

“पुरुषपणाची गोळी वगैरे? या दोन गोळ्या एकत्र पोटात गेल्या तर रक्तदाब असा कोसळतो, की माणूस हातचा जातो.”

तातू छताकडे बघत राहिला. बाईंनी सद्याला आणि दारातल्या सगळ्यांना बाहेर काढलं. मी निघालो तर तातूनं माझं मनगट पकडलं. कपाळावर घाम. बाईंनी नाडी धरली होती आणि त्यांचा आवाज बदलला होता.

“माका सांगूक लाज वाटता, मा? मगे माका सांगू नको,” त्या एकदम मालवणीत म्हणाल्या. “म्हाराजाक सांग. घाल गाऱ्हाणा.”

तातूनं डोळे मिटले. आडव्या आडव्याच हात जोडले. कावळे उडवणारा तो आवाज मला जेमतेम ऐकू येत होता.

“बा देवा म्हाराजा... सावंतवाडीसून केसांच्यो दोन गोळ्यो हाडलंय, त्यो रोज घेतंय...”

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं. कोणीतरी म्हणायला हवं होतं.

“त्यो घेवक लागलंय आणि... आंगात जीवच रवाक नाय, म्हाराजा. म्हणान फोंड्यासून दुसरी हाडलंय. सुलू येवच्या आदी मानवता काय बगूक... काल राती एक घेतलंय.”

“व्हय म्हाराजा,” या वेळी डॉक्टर लोबो म्हणाल्या, आणि सद्यानं काढलेली गोळी टेबलाच्या खणात टाकून खण लावला. मग ईसीजीची पट्टी काढली, चिठ्ठी लिहिली आणि त्यात काल रात्रीच्या गोळीचं नाव ठळक करून कणकवलीच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं त्याला देखरेखीखाली ठेवलं. हृदयाला धक्का बसला नव्हता. रक्तदाब खाली गेल्यानं तो पडला होता.

परत आल्यावर बाईंनी आम्हा दोघांना बसवून सगळं समजावलं. केस टिकवणारी फिनास्टेराइड आणि ती दुसरी गोळी यांचं आपसात सहसा भांडण नसतं. पुष्कळ लोक डॉक्टरला विचारून दोन्ही घेतात. पण फिनास्टेराइडनं काही जणांना नेमकी तीच अडचण येते. ती तिथंच सांगायची, दुसऱ्या गावी जाऊन तिच्यावर दुसरी गोळी चढवायची नाही. केसांची दुसरी गोळी मिनॉक्सिडिल. ती मुळात रक्तदाब उतरवणारी, आणि फोंड्याची गोळीही तो उतरवतेच. आणि खिशात छातीची बाटली असताना ती फोंड्याची गोळी घ्यायचीच नाही.

“एकय डॉक्टर चुकलो नाय,” बाई म्हणाल्या. “तुमी तेंका पुरो माणूसच दाखवक नाय. आता सगळं बंद. छातीच्या डॉक्टरांना सगळं सांगायचं, मग पुढचं ते ठरवतील. आणि सुलभाला सांगायचं.”

“तिका नको!” तातू खुर्चीतून उठला.

“तुमच्या छातीत दुखलं तर घरात गोळी कोण देणार? तिला माहीत नको?”

परतताना खाडीच्या पुलावर त्यानं मला गाडी थांबवायला लावली.

“मास्तर, लोक हसतले, म्हाताऱ्याक काय सुचला म्हणतले. म्हणां देत. माका केस नको होते रे. ता दुसरापण तसा काय नको होता. पण ती परत कित्याक येतली? घर तिनाच बांदल्यान, पैसो तिचो, चेडू गेला पुण्याक. हंय तिच्यासाठी काय आसा? मी आसंय. मगे माका वाटला, जरा बरो तरी दिसांदे. थोडो कामाचो तरी रवांदे. नाय तर ती परत जायत.”

मी गाडी परत सुरू केली.

ठरल्या दिवशी सद्याची रिक्षा विमानतळावर गेली आणि दुपारी परतली. दोघांचं जेवण म्हणून माझ्या बायकोनं डबा दिला, तो घेऊन मी गडगा ओलांडला.

घरापुढच्या खळ्यात मांडवाच्या सावलीला बाकडं होतं. सुलभा बसल्या बसल्या झोपली होती, प्रवासाच्या साडीत, डोकं तातूच्या खांद्यावर. बॅगाही अजून पायरीवरच. तातू ताठ बसला होता, दगडी खांबासारखा. मला पाहून त्यानं फक्त डोळ्यांनी थांबवलं.

“सांगितलंस?” मी ओठांनीच विचारलं.

“बांद्यापासून कुडाळापर्यंत सांगी होतंय,” तो कुजबुजला. “छातीची बाटली मागून घेतल्यान आणि आपल्या पर्शीत ठेवल्यान.” मग म्हणाला, “थंय रातभर म्हातारेच्या उशाक बसान तिची झोपच मोडली होती, मास्तर. हंय इली, टेकली आणि निजली.”

त्याचा दंड अवघडला होता. बाजू बदलायला मी खुणेनं सुचवलं. त्यानं मान हलवली, नको.

तेवढ्यात वाटेवरून मासेवालीची हाक आली, आणि तातूच्या चेहऱ्यावर असा घोर उमटला की मी डबा तिथंच ठेवून अनवाणी धावलो. बेड्यापाशी, कुंपणाच्या फाटकाशी, तिला गाठलं.

“आज इथं हाक मारू नको गो.”

तिनं टोपली कमरेवर घेतली आणि आवाज एकदम खाली आणला. “कित्या ओ मास्तर? तातूकडे कोण गेला?”

“नाय गो बाय,” मी म्हटलं. “इली.”

तिनं मान उंचावून मांडवाकडे पाहिलं. मग टोपली परत डोक्यावर चढवून पुढच्या घरापर्यंत हाक न घालता गेली.