डॉक्टरांचा डावा गाल

रविवारी सकाळी साडेसहा वाजता डॉक्टरांच्या डाव्या गालावरची छाया शंभरपैकी पंचाण्णव भाग प्रकाश पार जाऊ देत होती. सोमवारी सकाळी साडेसहा वाजता तीच छाया नव्वद भाग जाऊ देत होती. मधल्या चोवीस तासांत चित्रकर्तीने त्या छायेला हात लावला नव्हता.

डॉक्टर हयात नव्हते. गाल चित्रातला होता, चित्र टॅबवरचे होते आणि ते माझी बायको आठवणीतून रंगवत होती. घरांचे नकाशे काढण्याची नोकरी तिने चार महिन्यांपूर्वी सोडली होती. लोकांचे चेहरे रंगवायचे, असे तिने ठरवले होते आणि हा तिचा पहिला चेहरा होता. तो डॉक्टरांच्या पत्नीने मागितला होता. आमच्या गल्लीत त्यांना सगळे काकू म्हणतात. काकूंची नजर झपाट्याने जात होती. शुक्रवारी सकाळी नऊच्या गाडीने त्या कायमच्या मुलाकडे जाणार होत्या आणि निघण्याआधी, आठ वाजता, आमच्याकडे येऊन नवऱ्याचा चेहरा पाहून घेणार होत्या. पुढच्या वर्षापर्यंत त्यांना तो दिसेल, याची खात्री त्यांच्या डोळ्यांच्या तज्ज्ञानेही दिली नव्हती.

आता माझ्याविषयी. आमच्या घरात मोजमापाचे खाते माझ्याकडे आहे. गेली बावीस वर्षे मी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत रंगीत काचा तपासतो. काच दिव्यासमोर धरायची, किती प्रकाश पार होतो ते मोजायचे, आकडा लिहायचा, खाली सही करायची. बावीस वर्षांत माझा एकही आकडा परत आलेला नाही! त्यामुळे गाल काळा का पडतो हे शोधायला मला दोन दिवस पुरेत, असे मी सोमवारी नाश्त्याच्या वेळी जाहीर केले.

खरे तर त्या गालावर आमचे आधीच एक भांडण होऊन गेले होते. शेडिंग कसे करावे, हा मुद्दा होता. बायकोला ठळक कडेची छाया हवी होती. इथे उजेड संपला, इथे अंधार सुरू झाला, असे सरळ सांगणारी. काकूंना आता मोठमोठी ठिगळेच दिसतात, बारीक फरक दिसत नाहीत, असे तिचे म्हणणे होते. त्यावर मी तिला दिवा आणि एक टोमॅटो घेऊन प्रात्यक्षिक दाखवले. गोलाईवर प्रकाश हळूहळू मावळतो, त्याला कड नसते, म्हणून छाया मऊच असली पाहिजे. प्रात्यक्षिक बिनतोड होते. तिने तीन दिवस खपून डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मऊ छाया केली, शनिवारी तो थर पुरा केला आणि पुन्हा त्याच्याकडे वळून पाहिले नाही. (टॅबवर चित्र एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांत काढतात. रेषा एका थरावर, रंग दुसऱ्यावर, छाया तिसऱ्यावर.)

पद्धत मऊ ठरली की तिची मूळ नोंद हवी, म्हणून रविवारपासून मी रोज सकाळी, घर उठण्याआधी, वाचन घेऊ लागलो. मूळ नमुन्याला हात लावायचा नाही हा आमच्या प्रयोगशाळेचा पहिला नियम. तो मी घरीही पाळला. छायेच्या थराची प्रत काढायची, त्या प्रतीवर गालाच्या हाडाखालचा ठरलेला बिंदू तपासायचा, आकडा वहीत टिपायचा आणि सगळे होते तसे आवरून ठेवायचे.

सोमवारचा नव्वद मी बायकोला सांगितला तेव्हा ती हसली. मी त्या दुपारी कामासाठी बाहेरगावी गेलो आणि मंगळवारी रात्री परतलो. जाताना मंगळवारचे वाचन तिने घ्यावे अशी विनंती केली होती. तिने ते घेतले नाही. नुसते डोळ्यांनी पाहिले आणि सांगितले की काल होता तसाच आहे. मी त्या रकान्यात ‘अप्रशिक्षित निरीक्षक’ असे लिहून तो आकडेमोडीतून वगळला.

बुधवारी वाचन एक्याऐंशी आले आणि त्या दिवशी नऊ वाजता कामाला बसलेली बायको हसली नाही.

“अहो, हा माणूस काळवंडतोय.”

घरात संशयित तीन होते. पहिला संशयित टॅबचा पडदा. कोरे पांढरे पान उघडून तो मी तपासला. निर्दोष. दुसरी संशयित खोलीतली उजेडाची तिरीप. तिच्यासाठी खिडकीला काळे कापड लावले. त्या काळोखात माझी आई स्टुलाला अडखळली आणि त्यामुळे चौकशी तिसऱ्या संशयिताकडे, म्हणजे आईकडेच, वळली. ती रोज ओल्या फडक्याने टेबल पुसते. टॅबही पुसतेस का, असे मी अत्यंत सौम्य शब्दांत विचारले. टेबल आपण पुसतो, त्या पाटीला आपण शिवतही नाही, आणि पोटच्या मुलाने सरकारी वकिलासारखे विचारावे इतके आपले वय अजून झालेले नाही, असे तिने ऐकवले. मग तिने स्वतःचा निष्कर्ष मांडला. डॉक्टरांनी हयातीत कुणाला फोटो काढू दिला नव्हता. त्यांना हे चित्र पसंत नाही.

मृत व्यक्तीला दुरून गालाचा रंग बदलता येतो याला पुरावा नाही, असे मी म्हणालो.

“मग तू बदलून दाखव,” आई म्हणाली.

दरम्यान बायकोने आपल्या परीने उपाय सुरू केला होता. छाया गडद होते तर हायलाइट वाढवू, हा तिचा विचार. सोमवारी तिने कपाळावर उजेडाचा एक ठिपका ठेवला होता. बुधवारी नाकावर पट्टा आला, चष्म्याच्या दोन्ही काचांवर चंद्रकोरी आल्या, हनुवटीवर एक लकाकी आली. इतका उजेड येतोय कुठल्या दिव्याकडून, असे मी शास्त्रीय कुतूहलाने विचारले. तिने पेन खाली ठेवून माझ्याकडे असे पाहिले की मी खोलीबाहेर जाऊन तो प्रश्न मागे घेतला. आईने दारातून डोकावून सांगितले, की डॉक्टरांना दरदरून घाम फुटलाय, त्यांनाच आता डॉक्टर बोलवा.

बुधवारी संध्याकाळी मी निर्णायक प्रयोग केला. टॅब कव्हरमध्ये घातला, कव्हरवर कागदी पट्टी चिकटवली, तिच्यावर सही केली आणि टॅब कपाटात कुलूपबंद केला. किल्ली माझ्या उशीखाली. गुरुवारी सकाळी कुलूप शाबूत, पट्टी शाबूत, सही माझीच. मी ती पट्टी स्वतः फोडली, वाचन घेतले. सहासष्ट.

बायकोचे म्हणणे होते, की हे रात्री होतच नाही, सहासष्ट तो कालच नऊ वाजता झाला असणार, कारण कालच तो इतका काळा होता. डोळा हे भरवशाचे उपकरण नाही, असे मी तिला समजावले. शिवाय माझ्या हाती त्या क्षणी त्याहून मोठी गोष्ट लागली होती. पंचाण्णव, नव्वद, एक्याऐंशी, सहासष्ट. शंभर म्हणजे एक धरला, तर प्रत्येक आकडा आधीच्या आकड्याला त्यानेच गुणून आलेला होता! हा नियम कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत होता, पण कुठे ते आठवेना. मी धावत जाऊन बायकोला सांगितले, की उद्याचे वाचन चव्वेचाळीस येणार.

“उद्या काकू येणार आहेत,” ती म्हणाली.

त्या दिवशी तिने आणखी हायलाइट चढवले. दुपारपर्यंत डॉक्टरांचा अर्धा चेहरा विहिरीत उतरल्यासारखा दिसत होता आणि उरलेला अर्धा नुकत्याच घासलेल्या भांड्यासारखा. संध्याकाळी तिने फोन हातात घेतला. काकूंना सांगते, जमलं नाही, तुम्ही थेट गाडीवर जा. मग हा टॅब त्या हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारा आणि मी सोमवारी जुन्या ऑफिसात विचारून येते. हे सगळे ती इतक्या शांतपणे बोलली, की आईने देखील टोमणा मारला नाही. मी एका शेवटच्या वाचनाची मुदत मागितली.

“घ्या,” ती म्हणाली. “पण मी शेजारी बसणार.”

शुक्रवारी साडेसहाला आम्ही दोघे टेबलाशी बसलो. आई दारात उभी होती. मी छायेच्या थराची प्रत काढली. बिंदू तपासला. चव्वेचाळीस. माझे भाकीत एका अंशाचीही चूक न होता खरे ठरले. घरात कोणालाही आनंद झाला नाही.

मग नेहमीप्रमाणे उजव्या हाताने मी वहीत आकडा लिहायला घेतला आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी पडद्यावर आवराआवर केली. माझे डोळे वहीवर होते. बायकोचे पडद्यावर होते.

“आत्ता काय केलंत?”

“प्रत आवरली.”

“कशी?”

मी सांगितले. प्रत आणि मूळ थर चिमटीत धरून एकमेकांत मिसळायचे. दोन्ही तंतोतंत सारखेच, एकावर एक बसले की झाला पुन्हा एकच थर. मागे काही उरत नाही.

तिने बोटाने पडदा माझ्याकडे वळवला. डॉक्टरांचा डावा गाल नाहीसा झाला होता. मी बिंदू तपासला. एकोणीस.

“रोज?” तिने विचारले.

“मंगळवार सोडून,” मी म्हणालो आणि म्हणता म्हणता थांबलो.

“सूनबाई,” आई दारातून म्हणाली, “डॉक्टरांचा काही दोष नाही गं.”

ताजी चूक मागे घेता येत होती, पण त्याने चव्वेचाळीसच परत मिळणार होते. आधीच्या दिवसांच्या चुका टॅबने इमानदारीने जपून ठेवल्या होत्या. जुनी आवृत्ती निराळी ठेवायची सवय बायकोला तेव्हा नव्हती. सात वाजायला वीस मिनिटे होती. तिने छायेचा अख्खा थर पुसून टाकला, मागोमाग हायलाइटचा. डॉक्टर एकदम सपाट आणि दहा वर्षांनी लहान झाले.

“आता मऊ नाही,” ती म्हणाली. “तेवढा वेळ नाही. तुम्ही बाहेर बसा. वहीसकट.”

आई आणि मी बाहेर बसलो. तासभर आतून पेनाच्या टोकाचा टकटक आवाज येत होता. मध्येच तो थांबायचा, तेव्हा आई माझ्याकडे पाहायची. मी घड्याळाकडे पाहायचो.

काकू आठला पाच कमी असताना आल्या. काठी दाराशी ठेवली, खुर्चीत बसल्या आणि टॅब हातात घेऊन नाकाशी नेला. मग तिरका धरला, मग लांब. चित्रात नाकाच्या एका बाजूला, गालाखाली, हनुवटीखाली छायेचे मोजून सहा तुकडे होते, कात्रीने कापून लावावेत तसे. हायलाइट एकच होता, चष्म्याच्या कडेवर. बायकोने पदराचे टोक मुठीत घट्ट धरले होते. मी श्वास मोजत होतो. अठ्ठावीस झाले.

“कान जरा मोठे केलेस,” काकू म्हणाल्या.

बायकोने मान हलवली. ते काकूंना दिसले नसावे.

“पण बघतायत असेच. नाडी धरली की असेच बघायचे, आकडे मोजत.” त्यांनी बोट छायेच्या कडेवरून फिरवले. “तू परवा फोनवर म्हणालीस, मऊ छाया केलीय म्हणून. मी म्हटलं, मग मला काय दिसणार? येणारच नव्हते. बरं झालं बदललंस.”

नऊच्या गाडीला पंचवीस मिनिटे राहीपर्यंत त्यांनी चित्र खाली ठेवले नाही. मोठी छापील प्रत मुलाच्या पत्त्यावर पाठवायची ठरली, आणि कान तसेच राहू द्यायचे, असेही ठरले.

काकूंना गाडीत बसवून आम्ही परत आलो. बायकोने वही माझ्यापुढे सरकवली आणि लिहा म्हणाली. मी मंगळवारच्या रकान्यातले ‘अप्रशिक्षित निरीक्षक’ खोडले, तिथे ‘निरीक्षण बरोबर’ असे लिहिले आणि खाली नोंद केली.

कारण : एकसारख्या दोन रंगीत काचा एकावर एक ठेवल्या तर त्यांची एक काच होत नाही. पहिलीतून आलेला प्रकाश दुसरी पुन्हा तितक्याच प्रमाणात अडवते. प्रस्तुत निरीक्षक ही गोष्ट बावीस वर्षे पगार घेऊन तपासत आहे. छायेच्या थराची प्रत काढून ती मूळ थरात मिसळण्याचे कृत्य रविवार, सोमवार, बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार या दिवशी सकाळी साडेसहा वाजता मी केले. मंगळवारी मी बाहेरगावी होतो.