राऊत आणि गुंडाळलेल्या वस्तू

राऊत घरी येणार असले की आमची ही टीव्हीचा रिमोट लपवून ठेवायची. रिमोटवरचं प्लास्टिक ते सोलून काढत. विचारत नसत. बोलता बोलता अंगठ्याचं नख कडेखाली घालायचं आणि सर्रकन ओढायचं. नायगावच्या नव्या टॉवरमध्ये एकाची वास्तुशांत होती. पानं मांडून होईपर्यंत राऊतांनी फ्रिजचं दार, गिझर आणि सोफ्याचा एक हात उघडा केला. घरच्या बाई रडकुंडीला आल्या, तर हे त्यांच्यावरच डाफरले, "आत पानी शिरलं तर कोनाला कळनार?"

वसईच्या खाडीकाठच्या शेतकरी घरातला हा माणूस. गेल्या महिन्यात वारले. शोकसभेत आमचे साहेब त्यांना 'हसतमुख सहकारी' म्हणाले. बावीस वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसलो. ते हसल्याचं मला आठवत नाही. ते चिडत. साहेबांवर, पंख्यावर, माझ्या लांबलचक वाक्यांवर. ते गेल्यावर तरी त्यांचा राग कुणी हिरावून घेऊ नये, म्हणून हे लिहितो आहे.

आमचं कार्यालय वालीवला. जमिनीखालून जाणाऱ्या नैसर्गिक वायूच्या नळांची तपासणी करायचं कंत्राट आम्ही घेतो. राऊत तपासत, मी त्यांचे अहवाल टाईप करी.

प्लास्टिकच्या वैराचं मूळ इथे होतं. जुन्या नळांना गंज चढू नये म्हणून बाहेरून पट्टी गुंडाळलेली असते. खाजणातली, म्हणजे खाडीलगतच्या खारट दलदलीतली, चिकणमाती पावसात फुगते, उन्हात आटते आणि ती पट्टी ओढून सैल करते. मग खाली ओल शिरते. आतून वायूचा दाब पोलादाला रात्रंदिवस ताणतच असतो. ताण आणि ओल मिळून केसाएवढ्या भेगा पाडतात. गंजाचा खड्डा निदान दिसतो. या भेगा एक दिवस नळ फुटतो तेव्हाच कळतात.

राऊतांच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. वायू कंपनीला तीन ठिकाणी खड्डे खणून नळ उघडा करून बघायचा होता. साहेबांनी रस्त्यालगतच्या तीन कोरड्या जागा निवडल्या. राऊतांना नायगावचं खाजण हवं होतं. तिथे पट्टी सर्वांत जुनी होती आणि चाळीस पावलांवर पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती, माणसांनी भरलेली. साहेब म्हणाले, चिखल होईल, पंप लावावे लागतील. राऊत म्हणाले, "सुक्यात भेग शोधायची तर या टेबलाखाली शोधा ना." तीन आठवडे रोज हेच. शेवटी राऊतांनी परस्पर कंपनीला पत्र धाडलं आणि खाजणातला खड्डा मंजूर करून घेतला.

कंपनीच्या इंजिनिअर बाई यायच्या होत्या त्या सकाळी राऊत बिघडलेला पंप दुरुस्त करून आणायला गेले होते. साहेब खड्ड्यावर आले. पट्टी काढलेला काळपट नळ त्यांना बरा दिसला नाही. पाहुण्या येताहेत, चकाचक करा, म्हणाले. आमचा यादव ग्राइंडर चालवायचा, पन्नाशीचा माणूस. त्याने ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून नळ आरशासारखा केला. मी तिथेच वही घेऊन उभा होतो.

राऊत परतले, त्यांनी नळ पाहिला आणि सगळ्यांचा उद्धार केला. तारेचा ब्रश जोरात फिरला की वरचा धातू लोटला जाऊन भेगांच्या तोंडावर बसतो. तोंड मिटतं, भेग आत तशीच. बाईंनी तपासलं, काही दिसलं नाही. साहेब खुशीत म्हणाले, चला, बुजवा. राऊत खाली उतरले आणि नळावर बसले.

"माझ्यासकट बुजवा."

बाईंनी त्यांना तासभर दिला. राऊतांनी बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने तो थर उतरवला, पांढऱ्या रंगाचा पातळ हात दिला, चुंबक टेकवून लोखंडाची भुकटी मिसळलेली काळी शाई सोडली; चुंबकामुळे ती भुकटी भेगेवर गोळा होते. पांढऱ्यावर काळे केस उमटले. एक नाही, पंजाभर जागेत ओळीने पंचवीस-तीस. बाई बाजूला जाऊन फोनवर नळातला दाब उतरवायला सांगू लागल्या. पुढे तो तुकडाच कापून बदलला. पत्र्याच्या खोल्यांतल्या लोकांना यातलं काही ठाऊक नाही.

कंपनीने लेखी विचारलं: तपासणीआधी नळ घासला कोणी? साहेब मला सांगू लागले, लिहा, ऑपरेटर यादव याने परस्पर... यादव दारात उभा होता. माझी बोटं चालू लागली होती, हे मी लपवत नाही.

"यादवला कोन विचारतो?" राऊत ओरडले. "मी सांगितलं त्याला घासायला. तसं लिही."

मी वर पाहिलं.

"बघतोस काय? त्याच्या घरी पाच तोंडं आहेत. माझ्याकडे कोन बसलंय?"

साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. मी लिहिलं. निवृत्तीनंतर राऊतांना मिळायची दोन वर्षांची मुदतवाढ त्या एका वाक्याने गेली. ते खोटं आहे हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं, आणि ते टाईप मी केलं.

त्यांनी सही केली, कागद साहेबांच्या पुढ्यात सरकवला आणि यादववर खेकसले, "उभा काय राहिलास? जा, तुझ्यासकट तिघांना चहा सांग."

साहेब धरून आम्ही चौघे होतो.