नुसती किंमत विचारली

"किंमत विचारायला काही पैसे पडत नाहीत!" चष्मेवाले जेवता जेवता छातीठोकपणे म्हणाले, आणि तिथेच त्यांचे ग्रह फिरले.

वाद मेहुण्याशी पेटला होता. जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असलेल्या त्या लालभडक शर्यतीच्या मोटरसायकलची किंमत किती?

"दाजी, तुमचं चष्म्यांचं दुकान आणि हे घर विकलं तर फार तर मागचं चाक येईल!" मेहुणा म्हणाला. बायको भावाच्या बाजूने हसली. झालं! आकडा शोधून आणीन तरच नावाचा, असं म्हणून चष्मेवाले ताटावरून उठले.

आता हा माणूस असा, की त्यांची मोपेड रस्त्याने चालली की फिरायला निघालेली म्हातारी माणसं त्यांना मागे टाकत. उतार आला की ते खाली उतरून तिला हाताला धरून नेत!

पण आकडा काही सापडेना. जिथे पाहावं तिथे 'किमतीसाठी संपर्क साधा'. शेवटी त्यांनी दुकानाचं दार लोटलं, श्रीमंत माणसासारखा घसा खाकरला आणि शोरूमला फोन लावला.

"किंमत आम्ही खऱ्या गिऱ्हाइकालाच सांगतो साहेब, तीही गाडीसमोर. आपल्याला घ्यायची आहे ना?"

नाही म्हणावं तर आकडा हातचा गेला. "म्हणजे काय! गंमत म्हणून फोन केला का?"

"मग रविवारी घरी आणून दाखवू?"

चष्मेवाल्यांच्या तोंडातून तो शब्द निसटला. दुकानात गिऱ्हाईक तो शब्द बोललं, की ते स्वतः मुकाट्याने फ्रेम उचलून कपाटात ठेवत. "बघू, बघू!" ते म्हणाले आणि विचारलेला पत्ता घाईघाईने सांगून सुटले.

रविवारी सकाळी गल्लीत एक ट्रक रिव्हर्स घेत आत येऊ लागला. त्यातून पांढरे हातमोजे घातलेली दोन माणसं उतरली, आणि त्यांच्यामागून टाय लावलेला शोरूमवाला.

"साहेब, आणली!"

"अहो, पण मी बघू म्हणालो होतो!"

"म्हणून तर आणली. बघा ना!"

बघू म्हणजे नाही, हे त्या बाळाला कुणी शिकवलंच नव्हतं!

खिडक्या उघडल्या. मेहुणाही नेमका तेव्हाच उगवला. "दाजी! छुपे रुस्तम निघालात!" तोवर हातमोज्यांनी चष्मेवाल्यांना उचलून गाडीवर बसवलंसुद्धा. पाय जमिनीला टेकेनात. शंभर मिक्सर एकदम लावावेत तसं इंजिन सुरू झालं. चष्म्यावर वाफ धरली. शोरूमवाल्याने वाकून कानात आकडा सांगितला.

तो ऐकताच ते दचकून डावीकडे झुकले. गाडी कलली!

ही आडवी झाली तर आपण रस्त्यावर, बायको रस्त्यावर, कपाटांतले चष्मेसुद्धा रस्त्यावर! घाबरून त्यांनी हातात येईल ते घट्ट धरलं. तो नेमका ॲक्सिलरेटर! गाडी अशी किंचाळली, की समोरच्या गॅलरीतली कुंडी खाली आली.

"धरा! अरे, कुणीतरी धरा!"

"साहेब, ओरखडा नको! नुसता ओरखडासुद्धा..." शोरूमवाल्याने आणि हातमोज्यांनी धावत येऊन गाडी दोन्ही बाजूंनी सावरून धरली.

तेवढ्यात ओली चादर खांद्यावर टाकून बायको बाहेर आली. तिने गाडीकडे पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं. किल्ली फिरवली. इंजिन बंद.

"अहो, उतरा आधी."

गाडी पडली असती तर बरं, असं चष्मेवाल्यांना क्षणभर वाटलं.

शोरूमवाल्याने कपाळ पुसलं. "वहिनी, मग कागदपत्रं करायची ना?"

बायकोने चादर झटकली. "बघू."

टायवाल्याचा चेहरा पडला. हातमोजे हलले, ट्रकची फळी वर गेली, गल्ली मोकळी! शब्द तोच होता हो, फक्त तोंड वेगळं.

"दाजी, आकडा?" मेहुण्याने हळूच विचारलं. चष्मेवाल्यांनी त्याच्या कानात सांगितला. मेहुणा पायरीवर बसला. "मागचं चाकही येणार नाही," एवढंच म्हणाला.

संध्याकाळी चष्मेवाले रंगाचा छोटा डबा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात घुटमळले.

"काय म्हणतो... आपल्या मोपेडला निदान लाल रंग देऊ का?"

"बघू," बायको म्हणाली.

त्यांनी मुकाट्याने डबा कपाटात ठेवला.