नवव्या खंडाची मोहीम

बाळांनो, डोळे मिटावे आणि मनी आणावे की आपण वाचनालयाच्या टेबलापुढे उभे आहो, टाचा उंचावल्या आहेत, हनुवटी लाकडास टेकली आहे, आणि पलीकडे नववा खंड आहे. हात आपसूक त्याकडे गेला की समजावे, मोहिमेत आपणही सामील जाहलो.

वर्तमान ऐसे जे, जादूगारांच्या जपानी चित्रकथेचे आठ खंड चौथीतल्या चिमणीबाईसाहेबांनी पंधरवड्यात सर केले. आरंभी बोलक्या किटल्या आणि उडते बूट होते, मग पाचव्या खंडापासून आभाळ काळवंडले, आणि आठव्याच्या अखेरीस धाकटी जादूगारीण मरणोन्मुख मैत्रिणीच्या उशाशी बसली. वाचवणारा मंत्र एकच, तोही निषिद्ध: जीव राहील, परंतु मैत्रिणीच्या साऱ्या आठवणी पुसल्या जातील. म्हणावा की न म्हणावा? तिथेच खंड आटोपला, आणि बाईसाहेबांस अन्न गोड लागेना.

नववा खंड मुलांच्या फडताळी जावा की कुलपाच्या कपाटी कैद व्हावा, हा निवाडा ग्रंथपालकाकूंच्या हाती. काकूंनी चष्मा चढविला आणि वाचन आरंभिले. पुढचे काही दिसू नये म्हणोन बाईसाहेबांनी डोळे गच्च मिटले, आणि दिमतीस आलेल्या थोरल्या दादासही मिटावयास लाविले.

"अगंबाई, किती गोड!" काकू वदल्या. "आधी नुसती रडारड, पण शेवटी कशा हसतात दोघी! घेऊन जा खुशाल."

बाईसाहेबांनी डोळे उघडिले तो काय पाहतात? काकूंचा अंगठा पहिल्या पानावर होता! ही चित्रकथा उजवीकडून वाचावयाची, आणि काकू डावीकडून शिरोन शेवटाकडून आरंभास पोचल्या होत्या. म्हणजे हसणे आधीचे, बहुधा जुन्या दिवसांतले, आणि रडणे नंतरचे.

काकूंनी परवानगीचा शिक्का वर उचलिला. दादाने कोपर मारून गुप्त मसलत दिली, "गप्प बस, येडे! पडू दे शिक्का."

बाईसाहेबांनी शिक्क्याकडे पाहिले, मग दादाकडे पाहिले, आणि मग तोंडातून निघोन गेले, "काकू, तुम्ही उलटं वाचलंत."

दादाने कपाळ बडविले. काकूंनी पुस्तक फिरविले आणि सुलट वाचिले, मग चष्मा पुसिला, मग नाक पुसिले, आणि हुकूम सोडिला की हे जड आहे, कपाटच बरे.

आता बाईसाहेबांनी अखेरची तोफ डागिली. "काकू, तिनं काय केलं ते तुम्हाला कळलं. पण तुम्ही त्यावर बोलणार कोणाशी?"

काकूंनी सभोवार पाहिले. एक आजोबा वर्तमानपत्राखाली घोरत होते, आणि दुसरे त्यांस उठवीत नव्हते, इतकेच काय ते मनुष्यबळ.

मग तह जाहला की खंड दाराबाहेर जाणार नाही, याच टेबलाशी काकूंशेजारी वाचावा, आणि अडेल तेथे विचारावे. येणेप्रमाणे नववा खंड शिक्क्याविना, खऱ्या बोलावर सर जाहला, हे दफ्तरी दाखल असो.

बाईसाहेब खुर्चीवर मांडी घालून बसल्या आणि उजवीकडून झरझर चालिल्या. जादूगारिणीने हात उचलिला, त्या पानाशी मात्र थांबल्या. काकू पुढे झुकल्या. दादा म्हणे, "उलट ना पान!"

"थांब रे," बाईसाहेब वदल्या, "आधी मी ठरवते, मी काय केलं असतं ते." आणि त्यांनी पानावर तळहात ठेविला.