हिरीबाईच्या घरी बाया किती?

एकतीस सालच्या खानेसुमारीत पोहरादेवीजवळचा एक तांडा रामधन मास्तरांच्या वाट्याला आला. मास्तरकी अजून कच्ची होती, आणि तपासनीस बबनरावांनी बजावलं होतं, "मेलेलं मानूस जित्यात लिवलं, तं तुमची मास्तरकी गेली म्हून समजा!"

भर दुपारी सारा तांडा तुरी कापायला गेलेला. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. शेवटच्या घरातून तेवढं बोलणं ऐकू आलं.

"भाकर टाकूनच राह्यली न मी, कायले—" असं एक कोवळा आवाज वऱ्हाडीत म्हणाला, आणि तेच वाक्य एका घोगऱ्या आवाजानं बंजाऱ्यांच्या गोरमाटीत पुरं केलं, "—बाटी बळगी!" म्हणजे भाकर जळली.

मास्तरांना उन्हाचा कंटाळा. त्यांनी अंगणातच कागदावर लिहून टाकलं, बाया दोन. नावं विचारायला आत डोकावले, तर चुलीपुढे हिरीबाई एकटीच.

"थे म्हातारी कुठी गेली?"

"सासू? थे तं पोयाच्या सनाले मेली."

मास्तर एक पाऊल मागं सरले. "मंग आता बोलत कोन होतं?"

हिरीबाई लाजली. "मीच. मी कारंज्यात वाढली. सासू गोरमाटीत टोके, मी वऱ्हाडीत जाब देओ. आता कोनं टोकलं नाई, तं हातच चालत नाई माहा. म्हून अर्दं तिचं, अर्दं माहं, समदं मीच बोलतो."

मास्तरांना हसू आलं, वाईटही वाटलं. त्यांनी दोन खोडून एक केलं, छत्री दाराला टेकवली आणि पाणी मागितलं. हिरीबाईनं दारात येऊन त्यांना पाणी दिलं, मग स्वतःही लोटा तोंडाला लावला. ती घटाघटा पीत असतानाच आतून, चुलीपाशी, घोगरा आवाज उठला, "बाटी बळगी!"

खरंच जळका वास सुटला होता. हिरीबाईनं सावकाश लोटा खाली ठेवला. "आली व याडी," असा सासूला द्यावा तसा जाब देत ती आत गेली.

मास्तरांनी पळता पळताच एकाचे पुन्हा दोन केले. छत्री तिथंच राहिली.

दुसऱ्या दिवशी बबनराव कागद बघून भडकले. "दोन, मंग एक, मंग परत दोन! हे खानेसुमारी हाय का पोरखेय? मीच जाऊन पाह्यतो!"

मास्तरांनी ट्रंक भरायला घेतली. संध्याकाळी बबनराव परतले, ते बिनटोपीचे. त्यांनी कागदावर सही केली.

"बाया दोनच हायेत. तुमची मास्तरकी पक्की."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्यांना बबनरावांच्या काखेत आपली छत्री दिसली.

"हिरीबाईनं देली काय?"

"नाई," बबनराव हळूच म्हणाले. "हिरीबाई वावरात गेली होती."